काचेआडचा नालबंद

आमच्या घराला सात पायऱ्या आहेत आणि सव्वादोन वर्षं मी सातवी उतरलो नव्हतो. सहावीपर्यंत सगुणा, म्हणजे आमची मंडळी, रोज ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून काढायची. सातवीच्या खाली माथेरानची लाल माती सुरू होते आणि त्या मातीत दीडशे वर्षांची लीद मुरलेली आहे. सहावीच्या काठावर सगुणानं पांढऱ्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती. येणारे-जाणारे गमतीनं विचारायचे, जानूभाऊ, ही कसली लक्ष्मणरेषा? मी म्हणायचो, सीतेच्या वाट्याला निदान रावण तरी होता, माझ्या वाट्याला लीद आलीय.

मी जानू आखाडे. धंद्यानं नालबंद. गावात विजेच्या रिक्षा आल्या तेव्हा शहाणे लोक म्हणाले, आता घोडे संपले. २०४७ साल उजाडलं, रिक्षांच्या बॅटऱ्या तीनदा बदलून झाल्या, आणि घोडे अजून एकशे ऐंशी आहेत. शहरातून चिकटवायचे प्लास्टिकचे नाल आले, ते इथल्या शेवाळलेल्या दगडांवर आठवडाभरात सुटून दरीत गेले. घोड्याच्या पायाला लोखंडच लागतं आणि ते ठोकायला माणूस लागतो. पस्तीस वर्षं तो माणूस मी होतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्यानं संप केला. हातोडी निसटायला लागली. आधी वाटलं वय झालं, मग सगुणाला वाटलं दृष्ट लागली. शेवटी पनवेलच्या एका इस्पितळात डॉक्टर केळशीकरबाईंनी दंडात सुया टोचून तपासलं आणि सांगितलं, पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी हाताला हुकूम देतात त्या एकेक करून वाळत चालल्यात. आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास.

"पाच वर्षांपूर्वी आला असता आखाडे, तर एवढं सांगून मी गप्प बसले असते," बाई म्हणाल्या. "आता औषध आहे."

औषध होतं, पण ते पोचवणं अवघड होतं. रक्तातून ते कण्यातल्या पेशींपर्यंत जात नाही, मध्ये भिंत आहे. ती भिंत टाळून वर चढायची चोरवाट धनुर्वाताच्या विषाला मात्र पक्की ठाऊक असते. त्याचा जंतू मातीत, लिदीत बी होऊन वर्षानुवर्षं निपचित पडून असतो. खोल, बंद जखमेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं तो जागा होतो आणि विष सोडतो. ते विष स्नायूत शिरलेल्या मज्जातंतूच्या टोकाला चिकटतं आणि तंतूतून उलटं, कण्याकडे चढत जातं. वर पोचलं की स्नायूंना 'आता सैल सोड' म्हणणारे निरोप ते बंद पाडतं. मग जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि माणूस शुद्धीवर असतो.

"त्या विषाचे दोन भाग असतात," बाई सांगत होत्या. "एक वाट चढणारा, एक घात करणारा. तुमच्याकडे दस्तुरी नाक्यावरून सामान वर आणणारा घोडा असतो ना? घोडा वेगळा, ओझं वेगळं. आम्ही ओझं काढून फेकलं, घोडा ठेवला आणि त्याच्या पाठीवर औषध लादलं."

"मग सोडा की वर," मी म्हटलं.

"वाटेत तुमचेच पहारेकरी अडवतात."

त्याचं असं, की धनुर्वाताची इंजेक्शनं मी जन्मापासून घेत आलेलो. नालबंदाच्या पोराला ती चुकत नाहीत. लसीत तेच विष असतं, पण निकामी केलेलं. शरीर त्याचा चेहरा बघून ठेवतं, त्याला पकडणारी प्रतिद्रव्यं बनवतं, आणि ती ओळख जपणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं राखण करत बसतात. पण हे पहारेकरी घोडा ओळखतात. पाठीवर विष आहे की औषध, हे बघायला ते थांबत नाहीत. म्हणजे औषध घ्यायचं तर आधी पहारा उठवायला हवा.

तीन आठवडे मी इस्पितळात होतो. रक्त गाळून प्रतिद्रव्यं काढली, ओळख जपणाऱ्या पेशी वेचून मारल्या, आणि शरीराला शिकवलं की हा घोडा आपल्याच तबेल्यातला आहे, याला अडवायचं नाही. हे शिकणं कायमचं. पुन्हा शंभर लशी टोचल्या तरी पहारा बसणार नव्हता.

"पन गावातल्या समद्यांनी टोचून घेतलं तर यांना होनार न्हाई ना?" सगुणानं विचारलं होतं.

"गोवराला तसं चालतं, तो माणसाकडून येतो," बाई म्हणाल्या. "हा मातीतून येतो. अख्खं गाव सुरक्षित असलं तरी हे एकटे उघडेच. आणि एकदा होऊन वाचले तरी पुन्हा होऊ शकतो. इतक्या कणभर विषानं तो मारतो, की शरीराला त्याची ओळखसुद्धा पटत नाही."

मी सही केली. कागदावर लिहिलं होतं, माती, लीद आणि गंजलेल्या लोखंडापासून आयुष्यभर दूर राहावे. नालबंदाला हे सांगतात! मला हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू आलं, ते इस्पितळाच्या संडासात उरकून घेतलं.

तिसऱ्या इंजेक्शनला अंगठा परत आला. सहाव्याला मूठ घट्ट झाली. दर चार आठवड्यांनी गावातल्या दवाखान्याची नर्स घरी येऊन औषध टोचायची, आणि हात पूर्वीसारखे. पण त्यांना काम काय? शेंगा सोलायच्या, लसूण निवडायचा. पनवेलला चौदाव्या मजल्यावर राहा, असा सल्ला मिळाला होता. मी म्हटलं, डोळ्यांसमोर घोडा नसेल तर मी आजाराआधीच मरेन. मग सगुणानं पुढची ओटी दुहेरी काचेनं बंद करून घेतली. धुळीनं काही होत नाही, आत खोल जखम व्हावी लागते, हे बाईंनी तिला चारदा सांगितलं होतं. तिनं चारदा मान डोलावली आणि काच बसवून घेतली. ती बाहेरून आली की न्हाल्याशिवाय माझ्याजवळ येत नसे. माझ्या अंगाला हात लावायचा तर आधी नखं बघायची. एवढी माया, की जीव गुदमरावा.

आणि अंगणात, माझ्या ऐरणीवर, आमची लेक प्रणाली. ती पुण्यात नकाशे बनवायच्या कंपनीत होती. गावातले घोडे बिननालाचे लंगडायला लागले तेव्हा सुट्टी काढून आली, ती गेलीच नाही. मी काचेआडून शिकवायचो. कानाला फोन लावून सांगायचो, हात हलवून दाखवायचो, चुकतेय असं दिसलं की बोटातल्या अंगठीनं काचेवर ठोकायचो. पोरगी हुशार, पण पुस्तकी. आम्ही नालबंद खिळे ओठांत धरतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हिनं मनगटाला लोहचुंबकाची पट्टी बांधली. मी चिडवायचो, "अगं, नालबंद आहेस की शिंपीण?"

"दात माझे आहेत बाबा, पक्कड नाहीत," ती म्हणायची.

ओठांत खिळे धरायचं आणखी एक कारण होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांचा असताना मी बिजली नावाच्या घोडीला नाल मारताना खिळा आत, जिवंत मांसात घातला. भ्यालो, खिळा उपटला, तिथंच मातीत टाकला आणि कुणाला बोललो नाही. अकराव्या दिवशी बिजली लाकडासारखी ताठ झाली. कान उभे, शेपूट उभी, बादली वाजली तरी अंगभर झटका. तीन दिवस मी तिच्याशेजारी बसून होतो. तेव्हापासून माझा नेम आहे, उपटलेला खिळा जमिनीवर टाकायचा नाही. त्याचं टोक बघायचं आणि तो ओठांत धरायचा, मालकाला दाखवेपर्यंत.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, हबीबभाईंनी त्यांची पिंकी घोडी आणली. प्रणाली मागचा डावा पाय मांडीवर घेऊन बसली. तीन खिळे सरळ गेले. चौथ्याला मला दिसलं की पिंकीचे कान मागे पडलेत. प्रणाली खुराकडे बघत होती, कानांकडे नाही. फोन तिनं ऐरणीवर ठेवलेला. मी अंगठीनं काचेवर जोरात ठोकलं.

ते ऐकलं फक्त पिंकीनं. आधीच दुखावलेली, त्यात तो खडखडाट. ती उसळून खांबाकडे दाबली गेली, आणि मध्ये माझी पोरगी. हबीबभाई लगाम ओढायला लागले, त्यानं घोडी आणखीच रेटली. प्रणालीचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. काचेमुळे की श्वास कोंडल्यामुळे, मला कळेना.

सातवी पायरी माझ्या पायाला कशी लागली ते आठवत नाही. अनवाणी मी त्या लाल मातीत होतो. "हबीबभाई, सोडा लगाम! सोडा!" मी पिंकीच्या पुठ्ठ्याला खांदा लावला, तिच्या पोटावर हात फिरवत नेहमीचं हूं-हूं केलं. घोडी सैल पडली. प्रणाली खांबावरून घसरून खाली बसली आणि खोकली.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण खिळा अजून पिंकीच्या पायात होता आणि ती तीन पायांवर थरथरत होती. मी पाय गुडघ्यांत घेतला, पकडीनं खिळा उपटला, टोक बघितलं. ओलं आणि लाल. पस्तीस वर्षांच्या सवयीनं तो लिदीनं माखलेला खिळा मी ओठांत धरला. तेवढ्यात पिंकीनं पाय झटकला आणि तिचं ढोपर खालून माझ्या हनुवटीवर आदळलं.

तोंडात रक्ताची चव आली. खिळा गालाच्या आत अर्धा रुतला होता.

"बाबा," प्रणाली खालून म्हणाली, "तोंडात काय आहे तुमच्या?"

गावातल्या दवाखान्यात जखम धुतली. भिंतीवरच्या पडद्यावर केळशीकरबाई आल्या. त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आता शरीराला शिकवायला वेळ नाही, आणि तुमचं शरीर शिकणारही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तयार प्रतिद्रव्यं द्यायची. शिकलेली फौजच बाहेरून आणून सोडायची. पूर्वी ती घोड्याच्या रक्तातून काढत. आता माणसांच्या रक्तातली मिळते. ती तिथल्या फ्रीजमध्ये आहे."

"आणि माझं औषध?"

"फौज आत असेपर्यंत बंद. तीही घोड्यालाच अडवणार. मोठा डोस देणार, मधे एकदा पुन्हा. तेव्हा चार महिने धरा. चार महिन्यांनी औषध परत सुरू करता येईल. पण तोवर हातांतलं जे जाईल, ते परत येणार नाही. तेव्हा आलं होतं, कारण त्या पेशी नुसत्या मलूल झाल्या होत्या. दोनदा तसं होत नाही."

"नाही घेतली तर?"

"जखम धुतलीय, प्रतिजैविकं देऊ. कदाचित काहीच होणार नाही. पण झालं, तर विष एकदा तंतूत शिरल्यावर बाहेरच्या फौजेला ते सापडत नाही. जखम तोंडातली आहे, तिथून मेंदूपर्यंतचं अंतर थोडं आहे. आजच ठरवा."

"नको," मी म्हटलं. "फौज नको."

सगुणा पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मला ताठ झालेली बिजली दिसत होती, तरी मी नकोच म्हणत होतो. या हातांसाठी मी सव्वादोन वर्षं कोंडून घेतलं होतं. ते असे देऊन टाकायचे?

प्रणाली बरगडी धरून खुर्चीत बसली होती. ती उठली.

"काय केलंत हो त्या हातांनी दोन वर्षांत?" ती म्हणाली. "शेंगा सोलल्यात. मला एकदा धरून शिकवलं नाहीत. काचेवर ठोकत बसलात फक्त. आज त्या ठोकण्यानं मी मेले असते, आणि आता तुम्ही मरणार, कशासाठी? कपाटात ठेवायला?"

"परने, बापाशी कसं बोलतीस," सगुणा म्हणाली.

"बोलू दे तिला," मी म्हटलं.

राग आला होता. इतका, की कान गरम झाले. पण राग आला तो खोटं ऐकलं म्हणून नाही. मी माझ्या हातांकडे बघितलं. मऊ, पांढरे, नखं साफ, एखाद्या सावकाराचे असावेत तसे. उजव्या तळव्यावरचा घट्टा पार गेला होता.

"बाई," मी पडद्याला विचारलं, "फौज आत असताना मी लिदीत हात घातला तर?"

बाईंनी चष्मा परत चढवला. "तर धनुर्वात होणार नाही."

"नाल मारले तर?"

"आखाडे, मी हा सल्ला देत नाहीये. जेवढं विचारलंत तेवढंच सांगतेय. चार महिने तुम्ही तुमच्या गावातल्या इतर माणसांसारखे असाल. फक्त हात रोज थोडे कमी होत जातील."

मी बाही वर केली.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि अंगणातच बसलो. लाल मातीत दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. सगुणा पायरीवर उभी होती. मग ती आली, न न्हाता, आणि माझ्या शेजारी मातीत बसली. माझा चिखलाचा हात तिनं हातात घेतला आणि नखं बघितली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ऐरणीवर आम्ही दोघं. तिची बरगडी आणि माझा गाल दुखत होता, म्हणून पहिले चार दिवस दोघं कण्हतच काम करायचो. माझ्या लक्षात आलं, दोन वर्षं मी तिला फक्त बघायला शिकवलं होतं. खिळा कुठं चाललाय हे आम्ही बघून ओळखतच नाही, ऐकून ओळखतो. खुराच्या कठीण कडेतून जाणारा खिळा टणटणीत बोलतो. मांसाकडे वळला की आवाज बसतो, भद्द होतो. हे काचेतून कसं कळणार? मी तिच्या मुठीवर मूठ ठेवायचो, डोळे मिट म्हणायचो, आणि आम्ही एक हातोडी मारायचो.

"आता?"

"टण."

"आता?"

"टणच. थांबा. जरा बसला वाटतं."

"वाटतं नको. बसला का?"

"बसला."

"मग काढ."

दिवाळीचा हंगाम गेला, नाताळचा गेला. गावातला प्रत्येक घोडा आमच्या हाताखालून गेला. संक्रांतीला हबीबभाईंना तिळगूळ देताना लाडू माझ्या बोटांतून पडला. त्यांनी तो मातीतून उचलला, पुसला आणि खाल्ला. जानेवारीच्या शेवटी माझी मूठ प्रणालीच्या मुठीवर नुसती ठेवलेली असायची. मारत तीच होती. तिला ते कळत होतं. "बाबा, हात ठेवा ना," ती तरीही म्हणायची, आणि मी ठेवायचो. ओठांत खिळे मात्र तिनं कधी धरले नाहीत. त्यावरून मी तिला पुन्हा चिडवलं नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. फौज संपली होती. मी सातही पायऱ्या चढून वर गेलो. सगुणानं पाठोपाठ पांढरी रेघ नव्यानं रंगवली. रंगवताना तिची पाठ हलत होती, म्हणून मी आत जाऊन बसलो. औषध सुरू झालं. उजवा हात आता मिटत नाही, डाव्यात पेला धरता येतो. बोटं वाळल्यामुळे अंगठी राहत नाही, ती देवघरात ठेवलीय.

गेल्या सोमवारी पिंकी आली. मागचा डावा पाय, तोच. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. प्रणालीनं पाय मांडीवर घेतला, पहिला खिळा मारला, दुसरा मारला. तिसरा लावला. इथून मला तो अगदी सरळ दिसत होता. घोडीचे कान ठीक होते. मी असतो तर पुढचा घाव घातला असता.

प्रणालीनं हातोडी वर उचलली आणि तशीच थांबवली. मान एका बाजूला कलती केली. मग पकडीनं खिळा उपटला, टोक उन्हात धरलं. कोरडं होतं. तो मनगटाच्या पट्टीला लावला आणि दुसरा खिळा घेतला.

काचेतून मला काही ऐकू आलं नव्हतं. तिला आलं होतं.